दुरुस्तीचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, अविवाहित, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली ट्रेसर, माझ्या राहत्या घरी, माझ्याच ड्रॉइंग बोर्डावर कागद लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते जरा जास्तच ठिकाणावर असते, ही माझ्याबद्दलची जुनी तक्रार आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. चष्मा लावला की मला नीट दिसते आणि हात अजून थरथरत नाही. येत्या सोमवारी सकाळी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर "काळजीचं काही कारण नाही" असे इतक्या वेळा म्हणाले, की मी घरी येऊन कागद काढला.

आज शुक्रवार आहे. सही मी रविवारी, दवाखान्यात दाखल होण्याआधी करणार आहे. मधल्या वेळात काही बदलले तर मी मागचे पान फाडून नवे लिहिणार नाही. बदल जिथल्या तिथे दिसेल. असे का, ते पुढे कळेल.

सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि ओळखपत्रांचे क्रमांक सोबतच्या परिशिष्टात आहेत. इथे मी ज्याला घरात जे म्हणते तेच लिहीत आहे. हे सगळे मी इंग्रजीत जास्त ऐटीत लिहू शकले असते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारून मारून ती भाषा शिकवली आहे. पण ज्या दोघांनी हे वाचायला हवे त्यांच्यापैकी एकीला इंग्रजी येत नाही, आणि दुसरा म्हणतो, "आत्या इंग्रजीत शिरली की समजायचं, आपलं चुकलंय." म्हणून मराठीत.

१. यापूर्वी मी वयाच्या चाळिसाव्या वर्षी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सगळे माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, दिले होते. ते मी रद्द करते. दादा सहा वर्षांपूर्वी वारला, त्यामुळे त्याची हरकत असणार नाही. हयात असता तर असती.

२. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, हे माझ्या कमाईचे घर मी अमोनियाला देते. तिच्या हयातीपुरते नव्हे, कायमचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा रंग लावून हिरवेगार करावे. (हिरवे करू नये, ही विनंती. बंधन नाही.)

अमोनिया म्हणजे कोण ते सांगते. आमच्या कारखान्यात इंजिनिअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढत. मग आम्ही ट्रेसर त्यावर पातळ कागद ठेवून ते काळ्या शाईने उतरवून घेत असू. त्या कागदावरून खालच्या मजल्यावर अमोनियाच्या मशीनमध्ये प्रिंट निघत आणि प्रिंट बघून वर्कशॉपमध्ये पंप घडत. ती मशीन चालवणारी बाई म्हणजे अमोनिया. तिच्या कपड्यांना, केसांना, डब्यालासुद्धा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास येई. ती जिना चढून वर येण्याआधी नाव वर येई. त्या वासापासून रक्षणासाठी कंपनीने तिला वर्षाला दोन रुमाल दिले. आज तिच्या छातीची जी अवस्था आहे ती त्या दोन रुमालांची आहे.

चोवीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या घरातून एक ट्रंक आणि एक खोकला घेऊन निघाली. मी म्हटले, दोन महिने राहा, खोली मिळेपर्यंत. खोली अजून मिळालेली नाही. चोवीस वर्षांत ती मला "बाई" आणि "तुम्ही" म्हणते, कारण ड्रॉइंग ऑफिस वर होते आणि प्रिंट रूम खाली. मी शंभरदा सांगून पाहिले. ती म्हणते, "तोंडात बसलंय हो, बाई."

३. किरकोळ वस्तू आणि किरकोळ हिशेब. घरातले सामान घराबरोबर जाईल. अवजारे सोडून अपवाद दोन.

निळी बादली वरच्या मजल्यावरच्या बाईंना द्यावी. नऊ वर्षे त्यांच्या न्हाणीघरातले पाणी माझ्या छतातून हिच्यात पडते आहे. पाणी त्यांचेच आहे, बादलीही त्यांचीच होऊ दे.

कपाटाच्या तळाशी गुंडाळून ठेवलेली प्रिंट आमच्या मोठ्या साहेबांना, ते हयात असल्यास, पोचती करावी. ती पंपाच्या बाहेरच्या कवचाची आहे. कोपऱ्यात माझ्या अक्षरात पेन्सिलीने विचारले आहे, "भिंतीची जाडी तपासणार का?" साहेबांचे उत्तर तोंडी होते : "बाई, तुम्ही फक्त रेघा ओढा." अकरा कवचे ओतली, अकरा तडकली. चौकशीत ठरले की ट्रेसिंग अस्पष्ट होते. माझे ट्रेसिंग! साहेबांनी ती प्रिंट भिंतीवर लावावी.

४. निवृत्तीचा फंड. खरे मृत्युपत्र हेच कलम आहे. बाकीची कलमे याच्या आजूबाजूला उभी आहेत.

नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून माझ्या पगारातून फंड कापला गेला. निवृत्त झाले तेव्हा एका बँकेतला टाय लावलेला मुलगा घरी येऊन म्हणाला, "मॅडम, सगळी रक्कम काढून आमच्याकडे ठेवा, दुप्पट होईल." मी त्याला चहा दिला आणि जिना दाखवला. रक्कम फंडातच ठेवली. त्यातून दर महिन्याला येते त्यावर आम्हा दोघींचे चालते. अमोनियाच्या प्राणवायूच्या यंत्राचे भाडे, तिची औषधे आणि वीज त्यातूनच जाते. माझ्या पश्चात शिल्लक रक्कम मी ज्याचे नाव दिले आहे त्याला मिळायची. ती अमोनियाला मिळाली नाही, तर ती या घरात मालकीण म्हणून बसेल आणि यंत्र परत न्यायला माणूस येईल. एवढे स्पष्ट लिहिले म्हणजे पुढचे समजेल.

फंडाचे पत्रक दर वर्षी येते. शेवटच्या ओळीत छापलेले असते : "नामनिर्देशन : नोंद आहे." नऊ वर्षे मी तेवढे वाचून पत्रक फाइलला लावत आले. कोणाची नोंद आहे, ते त्यात लिहीत नाहीत आणि मीही विचारले नाही. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधला एक मिलिमीटर मला झोपू देत नसे, आणि स्वतःच्या कागदावर "नोंद आहे" या दोन शब्दांवर मी समाधानी! हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या फंडाच्या कार्यालयात जाऊन नाव वाचून यावे. तोंडी नव्हे, डोळ्यांनी.

गाठ सापडली तेव्हा मी गेले. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघून नाव वाचले. दादाचे.

"ते वारले," मी म्हटले.

"मग जवळचा वारस कोण, मॅडम?"

"भाचा. दादाचा मुलगा. पण मी दादाचं नाव बदललं होतं, बावीस वर्षांपूर्वी!"

"नोंदवहीत बदल नाही."

"मृत्युपत्रात लिहिलं तर?"

"फंड मृत्युपत्राचं ऐकत नाही, मॅडम. फॉर्मचं ऐकतो."

आता माझा भाचा. चष्म्यांचे दुकान आहे, वय चव्वेचाळीस, बोलणे कमी. चार वर्षांपूर्वी हयातीचा दाखला द्यायला तोच मला त्या कार्यालयात घेऊन गेला होता. म्हणाला होता, "आत्या, तू बाकावर बस, रांगेत मी उभा राहतो." मी बसले होते. ते आठवले आणि काउंटरपाशी उभ्या उभ्या माझ्या डोक्यात सगळे ड्रॉइंग तयार झाले : हाच तो, यानेच कोणाला तरी पैसे चारून नोंदवहीत बापाचे नाव परत घातले. मी तिथूनच त्याला फोन लावला. माझा आवाज कॉन्व्हेंटच्या नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. तो त्या दिवशी काउंटरच्या सगळ्या रांगांपर्यंत गेला.

"चोर आहेस तू," मी म्हटले. "आत्याच्या मरणावर टपलेला चोर!"

तो म्हणाला, "आत्या, दुकानात गिऱ्हाईक आहे. अर्ध्या तासात येतो."

काउंटरवरच्या मुलीने माझी तोंडी तक्रार लिहून घेतली. त्यात भाच्याचे नाव आले.

तो आला. पांढरा कोट अंगावर तसाच, खिशात भिंग. मुलीला म्हणाला, "मूळ फॉर्म बघता येईल का? कागदच बोलू दे." तळघरातून फॉर्म यायला दीड तास लागला. त्या दीड तासात आम्ही एका बाकावर दोन टोकांना बसलो होतो. फॉर्म आला. नाव : अमोनियाचे. माझ्या अक्षरात, माझ्या शाईत, ठळक.

"बघ!" मी त्याला म्हटले.

त्याने भिंग काढले, फॉर्म खिडकीच्या उजेडात धरला, आणि बराच वेळ बघितला. मग खाली ठेवला. काही बोलला नाही. मीही त्याच क्षणी फॉर्मचा तळ पाहिला. तिथे एक रकाना छापलेला आहे : "दुरुस्ती असल्यास : तारीख, कारण, सही." तो कोरा होता.

आता जे लिहिते ते शपथेवर लिहिते.

ट्रेसिंगवर शाई पुसता येत नाही. चूक झाली की अर्धे ब्लेड घेऊन रेघ खरवडायची, कागद फाटू न देता. मग नखाने घासून तो गुळगुळीत करायचा आणि वर नवी रेघ ओढायची. चांगल्या ट्रेसरची दुरुस्ती उघड्या डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा रकाना असतो : काय बदलले, कधी, कोणी, का. रकाना भरला नाही तर ती दुरुस्ती नाही, ती लबाडी आहे. हे वाक्य माझे आहे. चौतीस वर्षे मी ते नव्या मुलींच्या कानांत ओतले. एकीने रकाना न भरता ट्रेसिंग खाली पाठवले म्हणून मी तिला सर्वांसमोर रडवले होते.

बावीस वर्षांपूर्वी दादा आमच्याकडे जेवायला आला होता. अमोनिया त्याला वाढत होती. वाढत असताना, तिच्यादेखत, तो मला म्हणाला, "ही अजून इथेच? कोण लागते ही तुझी?" अमोनियाचा वाढता हात पातेल्यावरच थांबला. माझ्या जिभेला धार आहे म्हणतात. त्या दिवशी ती कुठे गेली होती कोण जाणे. दादा जेवून गेला. त्यानंतर तो या घरात आला नाही, कारण मी येऊ दिले नाही.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या फंडाच्या कारकुनाकडून मी माझा फॉर्म "जरा बघते" म्हणून घेतला आणि बोर्डावर लावला. दादाचे नाव खरवडले. नात्याच्या रकान्यातले "भाऊ" खरवडले. वर अमोनियाचे नाव घातले, आणि नात्यात "मैत्रीण". वीस मिनिटे लागली. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुबक दुरुस्ती होती. रकाना मी भरला नाही. भरायचा तर कारण लिहावे लागले असते आणि मॅनेजरसमोर सही करावी लागली असती. शिवाय मला बदल नोंदवायचाच नव्हता. त्या जागी दादाचे नाव कधी नव्हतेच, असे मला हवे होते.

नोंदवहीत मात्र दादाचे नाव माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी उतरवून झाले होते, आणि रकाना कोरा असल्यामुळे ते बदलायला कोणाला कोणी सांगितलेच नाही. नोंदवही खरी होती. खोटा फॉर्म होता, आणि तो मी केला होता.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना भाच्याने विचारले, "बाबांचं नाव खरवडायला किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं."

"कागद कुठे फाटला नाही. छान केलंयस." एवढे बोलून तो दुकानात निघून गेला. तीन दिवस झाले, फोन नाही.

मी घरी येऊन विचार केला आणि उशिरा अक्कल आली. खरवडलेले त्याला दिसले होते. तो तिथल्या तिथे बोलला असता तर फॉर्म बाद होऊन रक्कम त्याचीच होती. जो खरेच चोर असता तो बोलला असता. हा गप्प बसला, कारण बोलला असता तर आत्या खोटारडी ठरली असती. भाच्या, मी तुला भर काउंटरवर चोर म्हटले. चोर मी होते. तुझी माफी मागते. हे वाक्य कायदेशीर नाही हे मला माहीत आहे.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसले असते तर फॉर्म आणि नोंदवही जुळत नाहीत म्हणून चौकशी झाली असती. फॉर्म दिसायला निर्दोष आहे, तेव्हा कदाचित अमोनियाला रक्कम मिळालीही असती. पण नोंदवहीत फेरफार केल्याचा संशय माझ्या तोंडी तक्रारीवरून भाच्यावर गेला असता. सांगितले तर फॉर्म बाद. काल, गुरुवारी, मी लेखी सांगून टाकले, तक्रार मागे घेतली आणि सोबत नवा फॉर्म भरून दिला.

नव्या फॉर्मवर त्या मुलीने विचारले, "नातं काय लिहू?"

"मैत्रीण. एका घरातली. चोवीस वर्षं."

"असं कॉम्प्युटरमध्ये येत नाही, मॅडम. पती, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर."

इतर! दादाचा प्रश्न निदान प्रश्न तरी होता. मी म्हटले, "लिही बाई, इतर. देव तुझं भलं करो."

"नोंद व्हायला कामाचे पंधरा दिवस. नोंद झाली की त्या तारखेपासून लागू."

"माझं सोमवारी पोट फाडणार आहेत."

तिने मान खाली घातली. तिचा दोष नाही. मी डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलता येईल का विचारले. ते म्हणाले, "फॉर्म थांबेल हो, गाठ नाही थांबणार."

घरी येऊन अमोनियाला सगळे सांगितले. नाकात नळी, हातात चहाचा कप, ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला खरं बोलायला कोणी सांगितलं होतं, बाई? सिस्टरांनी?"

"त्याच्यावर आलं असतं."

"बावीस वर्षं गप्प बसलात. अजून पंधरा दिवस जड झाले?" मग खोकला आला, तो बराच वेळ चालला. थांबल्यावर म्हणाली, "नाव खोडलंत तेव्हा मला विचारलं होतं का? मी नको म्हटलं असतं. दादा काही वाईट बोलला नव्हता. त्याला माहीत नव्हतं, म्हणून विचारलं."

यावर मी तिच्याशी दोन तास बोलले नाही.

तेव्हा परिस्थिती अशी. सोमवारपासून नवी नोंद होईपर्यंत जे दिवस आहेत त्या दिवसांत मी गेले, तर फंडाची सगळी रक्कम भाच्याला मिळेल, आणि कायदा त्याच्या बाजूने असेल. मी त्याला हुकूम करू शकत नाही. फक्त लिहून ठेवते : ती रक्कम मी अमोनियासाठी जमवली होती. ज्याला मी चोर म्हटले, त्याची नियत कशी राहते त्यावर आता तिचा श्वास आहे. ही शिक्षा कोणी ठरवली असेल तर त्याला ड्रॉइंग काढता येते.

५. देहाबद्दल. जे सोपे आणि स्वस्त असेल ते करावे. भाषणे करू नयेत. कोणी "बाई फार प्रेमळ होत्या" म्हणाले तर अमोनियाने त्यांना थांबवावे.

६. अवजारे. *(पुढील तीन वाक्ये एका सरळ रेघेने खोडली आहेत. वाचता येतात. दुरुस्ती "ब" पाहा.)* माझी अवजारांची पेटी, म्हणजे जर्मन कंपास, शाईचे आठ पेन, हस्तिदंती मुठीचा ब्लेडधारक आणि आत निळे मखमल, मी भाच्याला देते. सात वर्षांचा असताना तो तासन्‌तास या पेटीपाशी बसे आणि हात न लावता बघे. तो चष्म्याच्या धंद्यात का गेला ते मला त्या पेटीवरून माहीत आहे.

७. आज शनिवार. दुपारी बारा वाजता बेल वाजली. अमोनियाने दार उघडले.

"या, चोर," ती म्हणाली.

"पोलीस आहेत का घरात?" भाच्याचा आवाज.

"आहेत. बोर्डापाशी बसल्यात. कालपासून नीट जेवलेल्या नाहीत."

तो आत आला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि खिशातून भिंग काढून हे पहिल्या ओळीपासून वाचू लागला.

"परवानगी घेतलीस?" मी विचारले.

"मला चोर म्हणताना तू घेतली होतीस?"

तो वाचत गेला. बादलीपाशी हसला. चौथ्या कलमाला वेळ लागला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. अमोनियाचे यंत्र घरघरत होते. आयुष्यात पुष्कळ तपासनीस माझ्या मागे उभे राहिले, पण असा घाम कधी फुटला नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "माफी वाचली. तोंडी माग."

मी मागितली. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो अमोनियाने ऐकण्यासाठी बंद केला.

"परत एकदा," ती आतून म्हणाली. "मला अर्धवट आलं ऐकू."

मी परत मागितली. मग भाच्याने स्टूल ओढले. "साक्षीदार दोन लागतात ना? एक खालचे औषधवाले. दुसरा कोण?"

"बघतेय."

"मी होतो."

"तुला होता येत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. सहावं कलम वाच. पेटी तुला आहे."

"मग ते खोड."

"वेडा आहेस का? सात वर्षांचा होतास तेव्हापासून तुझा डोळा आहे त्या पेटीवर."

"खोड म्हणतोय ना, आत्या." "हे बघ, आज माझी नियत चांगली आहे. दोन महिन्यांनी दुकानाचं भाडं थकलं, मालक दारात उभा राहिला, तेव्हा कशी असेल मला सांगता येत नाही. माणूस आहे मी. चौथं कलम मान्य आहे असं साक्षीदार म्हणून माझ्या हातानं लिहून ठेवलं की मला फिरता येणार नाही."

मी ब्लेडधारकाकडे हात नेला. सवयीने.

"ब्लेड नाही," तो म्हणाला. "सरळ रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि रकाना भर."

चौतीस वर्षे जे मी मुलींना सांगितले ते या चष्मेवाल्याने मला सांगितले. मी पट्टी ठेवून रेघ मारली.

पेटी आता अमोनियाला जाईल. ती तिला काय करायची आहे ते तिने ठरवावे. मी काहीही सुचवत नाही. भाच्यानेही त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघितले.

जाताना तो म्हणाला, "बाबांनी शेवटच्या आठवड्यात मला विचारलं होतं, 'तिचा खोकला कसा आहे?' मी म्हटलं, 'कोणाचा?' तर म्हणाले, 'तुझ्या आत्याच्या घरातलीचा.'"

हे इथे लिहिले, कारण दुसरीकडे कुठे लिहायला जागा नाही.

८. अंमलबजावणी खालच्या औषधवाल्यांनी करावी. ते उधारी विसरत नाहीत, तेव्हा हेही विसरणार नाहीत.

दुरुस्त्या

अ. फंडाचा मूळ फॉर्म, बावीस वर्षांपूर्वी. मूळ नाव : दादा. मूळ नाते : भाऊ. बदललेले नाव : अमोनिया. कारण : राग. दुरुस्ती करणारी : मी. सही आज.

ब. या मृत्युपत्राचे कलम ६. पेटीबद्दलचा मजकूर खोडला. कारण : ज्याला ती द्यायची होती त्याला तिच्यापेक्षा साक्षीदार होणे महत्त्वाचे वाटले. सही आज.

याखेरीज या कागदावर कुठेही ब्लेड लागलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने तो उजेडात धरावा.

वरील सर्व मी समजून-उमजून लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही)
लिहून देणार

साक्षीदार पहिले : औषधवाले, तळमजला. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरला नाही.

साक्षीदार दुसरा : भाचा, चष्म्यांचे दुकान. (सही) कलम चार भिंगाने वाचले. मान्य आहे. रक्कम माझ्याकडे आली तर ती माझी नाही, तिची आहे.

ठिकाण : माझे राहते घर, ड्रॉइंग बोर्डापाशी.
दिनांक : रविवार, सात मार्च. सकाळचे साडेदहा.

अमोनियाची सही यावर नाही, कारण तिला मिळणार आहे. ती माझी दवाखान्याची पिशवी एका हातात आणि यंत्राची नळी दुसऱ्या हातात घेऊन दारात उभी आहे. टॅक्सी खाली आली आहे. ती म्हणते, "पुरे झालं लिहिणं. चल तू आता."